सायकल खुंट्याला बांधा



आज पाटी-पेन्सिल थोडा वेळ बाजूला ठेवू. आज आपण सायकलीविषयी बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, सायकलीचं काय शिकवता? आम्हाला ती लहानपणापासून चालवता येते." खरे आहे. चालवता येते. पण शहरात ती सांभाळता येते का? ही गोष्ट वेगळी आहे.

हा विषय आजच का काढला, तेही सांगतो. आपल्या वर्गातले दोघे जण दिवाळीनंतर पुण्याला बांधकामाच्या कामावर जाणार आहेत. राहायची जागा एकीकडे, काम दुसरीकडे. रोज बसला पैसे घालण्यापेक्षा जुनी सायकल घ्यावी, असे त्यांनी ठरवले आहे. विचार चांगला आहे. सायकलीला पेट्रोल लागत नाही. बिघडली तर दुरुस्ती थोड्या पैशांत होते. आता गावोगावी मोटारसायकली आल्या, तरी शहरातला पेपरवाला, रात्रीचा राखणदार, कारखान्यात जाणारा कामगार अजून सायकलीवर दिसतो. आपल्या लेकीही सायकलीवर शाळेला जातात. मराठवाड्यात कितीतरी मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या आहेत. तेव्हा मावश्यांनो, हा विषय एकट्या गड्यांचा नाही. तुमच्याही घरचा आहे.

गरिबाची सायकल गेली तर नुसती सायकल जात नाही. दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. लेकीची शाळा बुडते. आणखीही एक गोष्ट जाते. ती कोणती, ते आमच्याच गोष्टीवरून सांगतो. ही गोष्ट आम्ही आजवर फार लोकांना सांगितली नाही.

साल १९८३. मे महिना. आम्ही तेव्हा तरुण मास्तर होतो. मॅट्रिक होऊन, शिक्षकाचे शिक्षण घेऊन नोकरीला लागून थोडीच वर्षे झाली होती. शाळा कंधार तालुक्यातल्या एका वाडीवर. रस्ता कच्चा. वडिलांनी एक गोऱ्हा विकला आणि आम्हाला नवी सायकल घेऊन दिली. ते म्हणाले, "गोऱ्ह्याच्या जागी ही आली. गोऱ्ह्यावानी सांभाळ." आम्ही हसलो. ते बोलणे नीट कानात घेतले नाही.

त्या सुट्टीत शिक्षकांचे एक शिबिर नांदेडला होते. आम्ही सायकल एस.टी.च्या टपावर टाकून नेली. रोज उतरायच्या जागेपासून शिबिराला सायकलीने जायचो. तिसऱ्या दिवशी एका कचेरीत कागद द्यायचा होता. पाच मिनिटांचे काम. बाहेर लिंबाचे झाड, झाडाखाली चहाचे दुकान. आम्ही सायकल सावलीला उभी केली. मागच्या चाकाचे कुलूप लावले. किल्ली खिशात टाकली आणि आत गेलो.

पाच मिनिटांची पंचवीस मिनिटे झाली. बाहेर येऊन बघतो तर लिंब जागेवर, सावली जागेवर, सायकल नाही.

किल्ली खिशात होती. कुलूपही लावलेले होते. तरी सायकल नाही!

चहाच्या दुकानात कपबशा विसळणारे एक लेकरू होते. दहा-अकरा वर्षांचे असेल. आम्ही त्याला विचारले, "सायकल कुणी नेली?" ते म्हणाले, "म्या नाही बघितलं, साहेब." आमचे डोके फिरलेले. आम्ही म्हटले, "तू इथेच बसलेला. तुला दिसलं कसं नाही? तूच कुणाला तरी दाखवलीस." आम्ही त्याचा दंड धरला. चार माणसे जमली. कुणी एकाने त्याला चापटही मारली. लेकरू रडत एवढेच म्हणत होते, "म्या नाही, साहेब." दुकानदाराला भानगड नको होती. त्याने त्याला त्याच घडीला कामावरून काढले.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. गावाकडे आलो. वडिलांनी सायकलीची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. तिच्यावर सायकलीचा नंबर लिहिलेला होता. तो पोलिसांना कळवला.

दोन महिन्यांनी निरोप आला. दुसऱ्या गावात एक माणूस चार सायकलींसह सापडला होता. त्यांत एक आमची. नंबर जुळला. त्या माणसाने कबूल केले की तो चाकाला कुलूप असलेल्या सायकली नुसत्या उचलून न्यायचा. मागचे चाक उचलून धरायचे आणि पुढच्या चाकावर ढकलत न्यायचे. कुणी विचारले तर म्हणायचे, "किल्ली हरवली, दुकानात नेतोय." त्या लेकराशी त्याची ओळखसुद्धा नव्हती.

आम्ही सायकल घेतली आणि तसेच त्या चहाच्या दुकानावर गेलो. लेकराची माफी मागायची होती. दुकानदार म्हणाला, "ते पोरगं कुठं गेलं कुणास ठाऊक." त्याचे नाव काय, तेही आम्ही त्या दिवशी विचारले नव्हते. मग शोधणार कसे?

सायकल परत मिळाली. ते लेकरू परत मिळाले नाही. आमच्या हातून झालेला अन्याय तसाच राहिला. पुढे आम्ही हेडमास्तर झालो. शाळेत काही हरवले की आम्हाला ते लेकरू आठवायचे. कुणाही पोरावर पुराव्यावाचून आळ घेऊ द्यायचा नाही, असा नियम आम्ही केला. पण तो नियम त्या लेकराच्या काय कामाचा?

म्हणून म्हणतो मंडळी, चोर एक वस्तू नेतो. पण मागे संशय ठेवून जातो. मग आपण शेजाऱ्याकडे, सोबत राहणाऱ्याकडे, गरिबाच्या पोराकडे वाकड्या नजरेने बघू लागतो. चांगले कुलूप नुसती सायकल राखत नाही. ते आपले मनही राखते.

आता, चूक कुठे झाली? नीट बघू.

तुम्ही जनावरे पाळता. चरायला सोडलेल्या द्वाड जनावराला आपण पायबंद घालतो. पायबंद घातलेले जनावर लांब पळत नाही. पण पायबंद घालून कुणी बैल रात्री रस्त्यावर ठेवील का? नाही. रात्री बैलाला दावे लागते आणि दाव्याला खुंटा लागतो. पायबंदाने बैल पळत नाही एवढेच. चोराने तो गाडीत घातला तर पायबंद काय करणार?

सायकलीच्या मागच्या चाकाला बसवलेले गोल कुलूप हा नुसता पायबंद आहे. खटका दाबला की त्याची सळई चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडे जाते आणि चाक फिरत नाही. पण सायकल उचलता येते. बैल उचलायला दहा माणसे लागतील. सायकल उचलायला एक पुरतो. आम्ही सायकलीला पायबंद घातला. दावे लावले नाही. खुंट्याला बांधले नाही. हीच चूक.

ही चूक एकट्या आमची नाही. पुण्यासारख्या शहरातही ती झाली. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे मोटारसायकली वाढल्या आणि सायकली कमी झाल्या. म्हणून २०१७ सालाच्या शेवटी तिथल्या महानगरपालिकेने कंपन्यांमार्फत भाड्याच्या सायकली रस्त्यावर आणल्या. कुलूप मोबाइलवर उघडायचे, सायकल न्यायची, काम झाले की ठेवून द्यायची. पण त्या सायकली कशालाही बांधलेल्या नसत. कुलूप फक्त चाकाला. लोकांनी काहींची मोडतोड केली. काही उचलून नेल्या. काहींनी तर त्यांना आपले कुलूप घालून घरच्यासारख्या वापरल्या. काही वर्षांतच त्या सायकली रस्त्यावर दिसेनाशा झाल्या. बंद पडायला आणखीही कारणे होती, पण हे एक होतेच. कुलूप मोबाइलचे असो की किल्लीचे, खुंटा नसेल तर ते पायबंदच.

आता कुणी म्हणेल, "गरिबी आहे म्हणून चोऱ्या होतात. श्रीमंत देशात होत नसतील." तसेही नाही. युरोपात नेदरलँड्स नावाचा एक लहान देश आहे. श्रीमंत देश. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तिथल्या उट्रेख्त शहरात रेल्वे स्टेशनाखाली सायकलींसाठी मोठे तळघर बांधले आहे. २०१९ साली ते पुरे झाले. त्यात सुमारे १२,५०० सायकली राहतात. अशा देशातही सायकली चोरीला जातात. म्हणून तिथले लोक चाकाचे कुलूप तर लावतातच, शिवाय साखळीने सायकल बांधतात. तेव्हा साखळी लावली म्हणजे आपण भित्रे झालो, असे समजू नका. तो शहाणपणा आहे.

आता हाताची पाच बोटे पुढे करा. एकेका बोटावर एकेक गोष्ट सांगतो.

अंगठा : खुंटा.

आधी खुंटा शोधा, मग सायकल उभी करा. आपण उलटे करतो. सावली बघतो, जागा बघतो, सायकल लावतो, आणि मग बांधायला काही आहे का ते बघतो.

खुंटा जमिनीत पक्का रोवलेला असावा. लोखंडी कठडा, खिडकीचे जाड गज, सायकली लावायची लोखंडी चौकट, हे चांगले खुंटे. आपल्यात म्हण आहे, खुंटा हलवून बळकट करावा. इथे ती म्हण शब्दशः पाळा. हात लावून हलवून बघा. हलला तर तो खुंटा नव्हे. मग वर बघा. खांब ठेंगणा असेल तर चोर साखळीसकट सायकल वरून काढील. हा चोराचा जुना डाव आहे.

विजेच्या खांबाला सायकल कधी बांधू नका. पावसाळ्यात खांबात वीज उतरते. सायकल वाचवायला जाऊन जीव जायचा. लहान झाडालाही बांधू नका. झाड मोडते आणि सायकलही जाते. कुणाच्या दारात, नळापाशी, दवाखान्याच्या वाटेत बांधू नका. आणि आता तुम्हाला वाचता येते. भिंतीवर "येथे वाहने लावू नयेत" असे लिहिले आहे का, ते वाचा. पूर्वी पाटी असायची, पण आपल्यासाठी ती मुकी असायची. आता ती बोलते. तिचे ऐका.

दुसरे बोट : दावे कुठून घालायचे.

बैलाला शिंगाने बांधून भागत नाही. गळ्यात दावे लागते. सायकलीचा गळा कोणता? तिचा सांगाडा, म्हणजे मधल्या लोखंडी नळ्या. कितीतरी लोक साखळी फक्त पुढच्या चाकात घालतात. चोर काय करतो? पान्याने दोन नट सैल करतो. पुढचे चाक तुमच्या साखळीसकट खांबाला ठेवतो आणि बाकीची सायकल घेऊन जातो. तुम्ही परत येता, तर खुंट्याला एकटे चाक! नव्या तऱ्हेच्या काही सायकलींना तर नटही नसतात. बोटाने उघडणारी खटकी असते. तिथे पान्याचीसुद्धा गरज नाही.

मग बरोबर रीत कोणती? साखळी आधी मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून घाला. मग सांगाड्याच्या नळीभोवती घ्या. मग खांबाभोवती घ्या. मग कुलूप लावा. चाक, सांगाडा आणि खांब, तिघे एका दाव्यात आले पाहिजेत. मागचेच चाक का? कारण ते महाग असते. दातेरी चक्र त्यालाच असते. साखळी लांब असेल तर पुढचे चाकही त्यात घ्या. मुलींच्या सायकलीला आडवी दांडी नसते. तिथे सीटखालच्या उभ्या दांडीला साखळी घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. साखळी ढिली सोडू नका. जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर पडलेली साखळी दगडावर ठेवून घणाने तोडता येते. उंच आणि ताठ असलेल्या साखळीला हत्यार लावायला जागा मिळत नाही. कुलपाचे भोक खाली येईल असे बघा. पाऊस आत जात नाही आणि चोरालाही हात वाकडा करावा लागतो.

तिसरे बोट : कुलूप.

बाजारात रंगीत प्लास्टिकच्या नळीतली वायरची कुलुपे मिळतात. दिसायला जाड. पण आतली तार बारीक असते. चांगल्या पकडीने ती बघता बघता तुटते. वरचा रंग बघू नका. आतले लोखंड बघा. कडक पोलादाची जाड साखळी घ्या. निदान करंगळीएवढी कडी असावी. दुसरे एक कुलूप मिळते. ते जनावराच्या नालासारखे वाकलेल्या जाड पोलादी दांडीचे असते. तेही मजबूत. पण लहान असते, म्हणून खांब जवळ लागतो.

साखळी बैलाची आणि कुलूप पत्र्याच्या पेटीचे, असे करू नका. चोर साखळीकडे बघत नाही. तो सगळ्यांत कच्चे काय ते बघतो.

काही कुलुपांना किल्ली नसते, आकडे असतात. नवे कुलूप आणले की त्यावर तीन किंवा चार शून्ये असतात. कागद वाचून आपला आकडा बसवा. शून्ये तशीच ठेवली तर कुलूप नसल्यासारखे. जन्मसाल बसवू नका. ते सगळ्या गावाला माहीत असते. कुलूप लावल्यावर सगळी चाके फिरवा. नुसता शेवटचा आकडा एक घर सरकवला तर चोराला फार शोधावे लागत नाही. तुम्ही याच वर्गात आकडे शिकलात. त्यांचा हा उपयोग.

आता खरे ते सांगतो. न तुटणारे कुलूप जगात नाही. कुलूप चोराला अडवत नाही, त्याला वेळ लावते. आणि चोराला सगळ्यांत जास्त भीती वेळेची. आपल्या कंधारचा किल्ला डोळ्यांसमोर आणा. राष्ट्रकूट राजांच्या काळापासूनचा हा किल्ला. आधी पाण्याचा खंदक, मग तट, मग दरवाजा. एकट्या दरवाजावर कुणी भिस्त ठेवली नाही. तसे तुम्हीही दोन कुलुपे लावा. चाकाचे गोल कुलूप एक आणि खांबाची साखळी दुसरी. दोन्ही वेगळ्या जातीची असली की चोराला दोन हत्यारे लागतात आणि दुप्पट वेळ लागतो. तो पुढची सायकल बघतो.

चौथे बोट : जागा आणि वेळ.

जागा उजेडाची आणि वर्दळीची असावी. आडोसा आपल्याला बरा वाटतो, पण तो चोरालाही बरा वाटतो. रात्री सायकल घरात घ्या. खोली लहान असली तरी घ्या. घरात जागा नसेल तर जिन्याच्या गजाला बांधा. रोज एकाच कोपऱ्यात दिवसभर सायकल लावत असाल तर अधूनमधून जागा बदला. चोर चार दिवस पाळत ठेवतो.

स्टेशनावर, बसथांब्यापाशी पैसे देऊन सायकल ठेवायची जागा असते. तिथे चिठ्ठी किंवा बिल्ला मिळतो. तो खिशात ठेवा, सायकलीला अडकवू नका. चिठ्ठीवर काय छापले आहे ते वाचा. "वाहन मालकाच्या जबाबदारीवर" असे असेल तर समजा की राखणदार असला तरी कुलूप तुमचेच लागणार. पंप, दिवा, डब्याची पिशवी सायकलीवर सोडू नका.

आणि पाच मिनिटांचे काम असेल तर? तर सगळ्यांत जास्त सांभाळा. दिवसभरासाठी जाताना माणूस कुलूप लावतोच. पाच मिनिटांसाठी जाताना तो म्हणतो, "आत्ता येतो." आमची सायकल पाच मिनिटांतच गेली होती, हे विसरू नका.

पाचवे बोट, करंगळी : कागद.

करंगळी लहान असते, पण आमची सायकल तिनेच परत आणली. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो. पायडल ज्या आसाभोवती फिरते, त्याच्या खालच्या बाजूला बहुधा असतो. काही सायकलींना सीटखालच्या दांडीवर असतो. आज घरी गेल्यावर सायकल आडवी करा. फडक्याने चिखल पुसा. नंबर वाचा आणि वहीत लिहा. पावती जपून ठेवा. मोबाइल असेल तर सायकलीचा आणि नंबराचा फोटो काढून ठेवा.

एक जुनी युक्ती सांगतो. एका चिठ्ठीवर आपले नाव आणि गाव लिहा. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळा. सीट वर काढा आणि चिठ्ठी दांडीच्या नळीत सारून द्या. चोर सायकलीला रंग देईल, घंटी बदलील. आत चिठ्ठी आहे हे त्याला कळणार नाही. ती चिठ्ठी मात्र दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. स्वतःच्या हाताने लिहा.

कुलपाच्या दोन किल्ल्या मिळतात. एक जवळ, दुसरी घरी. दोन्ही एका कडीत ठेवल्या तर एक हरवली की दोन्ही हरवतात.

झाली पाच बोटे. आता मूठ मिटा. खुंटा, दावे, कुलूप, जागा, कागद. पाची मिळून मूठ होते. एकेकटे बोट कुणीही वाकवू शकतो.

एवढे करूनही सायकल गेलीच, तर काय करायचे?

आधी शांत व्हा. आजूबाजूला बघा. कधी कधी वाटेत लावलेली वाहने उचलून नेलेली असतात. दुकानदारांना, राखणदाराला विचारा. पण विचारा, आळ घेऊ नका. समोर कॅमेरा आहे का ते बघा. मदत लागली तर ११२ हा नंबर फिरवा. मग पोलीस ठाण्यात जा आणि फिर्याद द्या.

आपल्या देशात १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात चोरीची शिक्षा सांगितली आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. वस्तू पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि चोराने वस्तू किंवा तिची किंमत परत दिली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. फिर्याद कशी घ्यायची, ते दुसऱ्या कायद्यात आहे. तुम्ही तोंडी सांगितले तरी ती लिहून घ्यायची असते आणि तुम्हाला वाचून दाखवायची असते. ठाणे कुठल्याही हद्दीतले असले तरी खबर देता येते. फिर्यादीची एक प्रत तुम्हाला फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे. आणि आता तुम्ही तर स्वतःच वाचू शकता. सायकलीचा नंबर बरोबर लिहिला आहे का, ते बघा. मग सही करा. अंगठा नव्हे, सही.

आणखी एक गोष्ट पुण्याला जाणाऱ्यांसाठी. तुम्ही जुनी सायकल घेणार आहात. कुणी फारच स्वस्तात देऊ लागला आणि पावतीचे नाव काढताच तोंड फिरवू लागला, तर ती घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे वाटायला सबळ कारण असून घेणे हाही गुन्हा आहे. त्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा सोडा. ती सायकल कुणाची असेल, याचा विचार करा. तीही कुणाच्या तरी गोऱ्ह्याच्या जागी आलेली असेल. घेणारा नसेल तर चोर चोरील कशाला? पावती घ्या. पावती नसेल तर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सायकलीचा नंबर, तारीख आणि त्याची सही कागदावर घ्या.

आणि चोर सापडला तरी त्याला मारू नका. मारणे हा आपला अधिकार नाही. जमलेली माणसे खरे-खोटे बघत नाहीत. आम्ही ते डोळ्यांनी बघितले आहे. नुसते बघितले असते तर बरे होते. ती माणसे आम्हीच जमवली होती.

बैल गेला अन् झोपा केला, अशी म्हण आपण नेहमी म्हणतो. झोपा म्हणजे गोठ्याची ताटी. बैल गेल्यावर ताटी लावून काय उपयोग? आम्ही त्या चोरीनंतर जाड साखळी घेतली. झोपा केला. पण बैल जायच्या आधी तुम्ही झोपा करावा, म्हणून आज एवढे बोललो.

ते लेकरू आता पन्नाशीच्या पुढे असेल. कुठे असेल, कसे असेल, देव जाणे. कुठल्या तरी शहरात त्याची स्वतःची सायकल असेल. त्याने ती चांगल्या खुंट्याला बांधली असो, एवढेच मनात येते.

चला, आता उठा. बाहेर चार सायकली उभ्या आहेत. शाळेच्या व्हरांड्याला लोखंडी खांब आहे. आम्ही साखळी आणली आहे. एकेकाने येऊन आपली सायकल बांधून दाखवायची. बाकीच्यांनी चूक काढायची. चाक, सांगाडा आणि खांब, तिघे एका दाव्यात आले की तुम्ही पास.

आधी खुंटा हलवून बघा बरं का!